अकराचं ताट

आमच्या घरात टीव्ही आला त्या दिवसापासून मामाजींचा एकच कायदा होता: ताट वाढलं की टीव्ही बंद. मामाजी म्हणजे माझे सासरे. टीव्हीतली माणसं आपल्या ताटाकडे बघतात, असा त्यांचा पक्का समज होता. "परक्याच्या नजरेखालचं अन्न अंगी लागत नाई," म्हणायचे. बातम्या सांगणारी बाई तुमच्या भाकरी मोजते का हो, असं मी एकदा हसत विचारलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी काही कमी नव्हते.

त्यांचं जेवण सकाळी अकराच्या सुमारास. शेतातल्या माणसाची ती वेळ, आणि शेतात जाणं सुटलं तरी त्यांनी ती सोडली नाही. ते जेवून उठले की सासूबाई त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायच्या. नवऱ्याच्या मागून, त्याच्याच ताटात. ही रीत आमच्याकडच्या जुन्या बायांमध्ये अजून आहे. मला ती कधी पटली नाही आणि मी ती एक दिवसही पाळली नाही. पण सासूबाईंना त्यात काही वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. त्या ताटावर बसताना त्यांचा चेहरा कसा निवांत असायचा, दिवसभराचं काम संपल्यासारखा.

मागच्या दिवाळीनंतर मामाजी गेले, आणि सासूबाईंचं जेवण तुटलं.

हट्ट नव्हता तो. रडारडही नव्हती. ताट घेऊन बसायच्या, भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि हातात धरून ठेवायच्या. "आई, जेवा नं," म्हटलं की म्हणायच्या, "कोनाच्या मांगून जेवू बाई?" त्यांना खरंच कळत नव्हतं, की सुरुवात कशी करायची. उभा जन्म कुणीतरी आधी जेवलं होतं. माझ्या नवऱ्यानं एक दिवस त्यांच्या आधी जेवून आपलं ताट पुढे सरकवलं, तर भडकल्या. "लेकाच्या उष्ट्यात माय जेवते काय रे? काई लाज?"

मी घरी शिवणकाम करते. माणूस किती वाळलं, हे मला वजनकाट्यावाचून कळतं. दिवाळीपासून त्यांच्या ब्लाउजच्या शिवणी मी आत घेत होते, घेत होते, शेवटी आत घ्यायला कापडच उरलं नाही. उन्हाळा लागला तेव्हा मंगरूळपीरच्या डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या. रोग काही नाही, पण असंच चाललं तर ही माउली येता हिवाळा काढणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. नवरा घरी येऊन गोठ्यात जाऊन बसला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

त्याच उन्हाळ्यात त्यानं फुकटची छत्री बसवली. डिशला आमच्याकडे छत्रीच म्हणतात. एकदा बसवली की महिन्याचं रिचार्ज नाही, आईचा वेळ जाईल, टीव्ही बघता बघता पोटात दोन घास जातील, असा त्याचा हिशेब. आसेगावच्या सेटिंगवाल्यानं ती स्लॅबवर, बाहेरच्या जिन्याच्या डोक्याशी पक्की केली, आग्नेयेकडे तोंड करून. सासूबाई टीव्ही बघायला लागल्या. चहात बुडवून बिस्किटं खायला लागल्या. एवढंच. टीव्ही मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहायचा. अकरा वाजता बंद कर म्हणणारं आता कुणी नव्हतं.

मग पितृपक्ष आला. मामाजींचं हे पहिलंच पितर.

तिथीच्या दिवशी मी सगळा स्वयंपाक केला. कढी, वडे, खीर, कोहळ्याची भाजी, गवारीच्या शेंगा. घास वर टाकायचा असतो म्हणून पान घेऊन स्लॅबवर गेले आणि छत्रीच्या शेजारी ठेवलं. कावळे पलीकडच्या लिंबावर बसले होते. एक उडाला, छत्रीच्या दांडीवर बसला, पानाकडे पाहिलं आणि परत गेला. घासाला कुणी शिवेना. मी खाली आले. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. बातम्या चालू होत्या.

आणि चित्र गेलं.

एकदम नाही गेलं. आधी आवाज अडखळला, शब्द मधेच तुटला. मग बातम्या सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, आणि एक डोळा तेवढा जागच्या जागी, आमच्याकडे बघत. मग काळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल' अशी पाटी इकडून तिकडे फिरत राहिली. पंखा चालू होता. दिवा लागत होता. पाच-दहा पळं गेली असतील, तेवढ्यात बाई परत आली आणि जणू काही झालंच नाही अशी बोलायला लागली.

मी म्हटलं, कावळ्यानं छत्री हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा गेलं. या वेळी जास्त वेळ गेलं. मी वर पळाले. कावळा नव्हता, वारा नव्हता. सोयाबीनची सोंगणी चालू होती, अख्खं गाव शेतात, आमच्या गल्लीत एक माणूस नाही, कुत्रंसुद्धा सावलीत मेल्यासारखं पडलेलं. मी छत्रीला हात लावला, घट्ट होती. केबल कुठे कुरतडलेली नव्हती. खाली येईतो चित्र आलेलं. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त वेळ.

सेटिंगवाला आला तो जेवणं झाल्यावर. त्यानं बॉक्सच्या मेनूत जाऊन पट्ट्या दाखवल्या. "वहिनी, सिग्नल तं फुल्ल हाये. पाहा नं तुमीच."

"अकराच्या सुमारास जाते," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

तो हसला. "घड्याळ पाहून जाते काय? लोडशेडिंग हाये काय ते?" तरी त्यानं केबलच्या टोकाच्या पिना कापून नव्या लावल्या, आणि दांडीच्या टोकाला सिग्नल झेलणारा तो पांढरा डबा असतो, एलएनबी, तोही बदलला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास नव्या एलएनबीतून चित्र गेलं. मी त्याला फोन करून चार शब्द सुनावले. तो म्हणाला, वहिनी, आता देवालेच इचारा.

सासूबाईंनी देवाला विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजच वाटली नाही. त्या दिवशी चित्र गेल्यावर मी वर जायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. हातात ताकद कुठली असणार, पण मी थांबले.

"काहून पळून राह्यली? बस नं."

"आई, टीव्ही बिघडला."

"बिघडला नाई. तुह्ये मामाजी जेवाले आले. त्याहीनं बंद केला."

खरं सांगते, मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. वेळ तीच होती. सवय तीच होती. मी भुताखेताला भिणारी बाई नाही, माझं माहेर मसणवट्याला लागून आहे. पण त्या खोलीत, भर दिवसा, त्या काळ्या पडद्यासमोर, आम्ही दोघीच आहोत असं मला वाटलं नाही.

"ताट वाढ," सासूबाई म्हणाल्या.

मी वाढलं. काय करणार? भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. त्यांनी ताट आपल्या समोरच्या रिकाम्या जागेकडे सरकवलं, तांब्या ठेवला आणि मांडीवर हात घेऊन बसून राहिल्या. मी दाराशी उभी. कुठेही कसला आवाज नाही. थोड्या वेळानं टीव्हीत आवाज फुटला, चित्र आलं. सासूबाईंनी ताट स्वतःकडे ओढलं.

"झालं त्याहींचं," म्हणाल्या, आणि जेवल्या.

एक भाकरी जेवल्या. ठेचा मागून घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. भीतीनं की आनंदानं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढचे दिवस आमचे असेच गेले. चित्र गेलं की ताट. चित्र आलं की त्या जेवायच्या. जास्त वेळ गेलं तर म्हणायच्या, "आज पोटभर जेवले." नवऱ्याला सांगितलं तर तो सोयाबीनच्या धुळीनं माखलेला, तांबड्या डोळ्यांनी बघत राहिला आणि म्हणाला, "जेवते नं? मंग राहू दे." माणसाचं डोकं कधीकधी बरोबर चालतं.

मीच ती, राहू न देणारी. मला कळून घ्यायचं होतं. एक दिवस ताट वाढून ठेवलं आणि वेळ झाली तशी हळूच वर गेले. ऊन लख्ख होतं. छत्रीकडे पाहिलं आणि थबकले. छत्रीच्या पोटात पडलेलं ऊन उलटून बरोबर त्या एलएनबीच्या तोंडावर गोळा झालं होतं. पांढरा डबा दिव्यासारखा पेटल्यागत दिसत होता. मी मागे वळून छत्री बघते त्या दिशेला पाहिलं, तर सूर्य. जिथून आमच्या घरात ती बोलणारी माणसं येत होती, नेमक्या त्याच जागी येऊन तो उभा होता. मी बघत राहिले तसा तो उजेड डब्यावरून घसरत बाजूला गेला, आणि खालून बातम्यांचा आवाज आला.

दोन दिवसांनी एका चॅनेलवर खाली पट्टी सरकताना दिसली: सूर्य उपग्रहाच्या रेषेत येत असल्यामुळे काही दिवस, काही मिनिटं प्रसारणात अडथळा येईल. काही दिवस. तेवढेच दोन शब्द माझ्या डोळ्यांत राहिले. सूर्य सरकणार, म्हणजे हे थांबणार. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. मी रिमोट घेऊन चॅनेल बदललं.

आणि तसंच झालं. चित्र जायचा वेळ कमी होत गेला. सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी त्यांचा अर्थ लावला. "दोनच घास खाल्ले आज. निघाची घाई झाली त्याहीले." सर्वपित्री अमावस्येला पितर परत जातात, हे काय त्यांना मी सांगायचं? अमावस्येला चित्र नुसतं थरथरलं, एक शब्द तुटला, आणि परत जुळलं. सासूबाई ताट पुढ्यात घेऊन तशाच बसल्या. त्यांना ते स्वतःकडे ओढून घेता येईना. ते जेवले की नाही, हेच कळलं नाही ना.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घट बसले, घरात धान्य पेरलं, दिवा लागला. अकरा वाजून गेले तरी टीव्ही छान चालू. एवढं स्वच्छ चित्र मी आधी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी बिस्किटाचा पुडा मागितला. डॉक्टरचं वाक्य होतंच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी मी पावणेअकराला कपडे वाळत घालते म्हणून वर गेले, आणि एलएनबीच्या मागची पिन फिरवून काढली. खालचा आवाज तुटला. मी केबल हातात धरून उन्हात उभी राहिले.

खालून सासूबाईंचा आवाज आला. आधी मला वाटलं, मला हाक मारतात. नाही. त्या बोलत होत्या. मधे थांबत होत्या. मग पुन्हा बोलत होत्या, कुणी काही विचारल्यावर उत्तर द्यावं तसं. थांबणं कधी लहान, कधी लांब. मामाजी बोलायचे तेव्हा एका गोष्टीला फार वेळ लावायचे, आणि सासूबाई मधे फक्त "हो", "हो नं" करायच्या. तेच "हो नं" मी स्लॅबवर उभी राहून ऐकत होते. मग पिन पुन्हा फिरवून घट्ट लावली.

खाली आले तर त्या जेवत होत्या.

"मले वाटलं गेले," म्हणाल्या. "गेले नाईत."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण आमच्याकडे अमावस्येनंतर मागे राहिलेल्या पितराला कुणी चांगलं म्हणत नाही. गेलेल्यानं जायचं असतं. त्यांना वाट सापडली नाही, किंवा घरातलं कुणी त्यांना धरून ठेवतं आहे, असं म्हणतात. इथे धरून ठेवणारी मीच होते, केबल हातात घेऊन. रात्री दिवा मालवताना मी घटासमोर हात जोडून मामाजींना म्हटलं, माझ्यावर राग धरू नका, तिला जेवू द्या, मग खुशाल जा. नवरा म्हणाला, कोणाशी बोलून राह्यली? मी म्हटलं, देवीशी.

नवरात्र गेलं, दसरा गेला. मी रोज वर जात राहिले. सासूबाईंचे गाल भरले. ब्लाउज दंडात रुतायला लागले तेव्हा मी शिवणी उसवल्या, आणि उसवताना गाणं म्हणत होते. एकीकडे मात्र त्या खोलीत मला एकटीला जावंसं वाटेना. टीव्हीसमोरच्या त्या रिकाम्या जागेवर मी पाय देत नसे, वळसा घालून जायचे. एकदा नवरा नेमका तिथेच बसला, तर सासूबाई आणि मी दोघी एकदम ओरडलो, "तिथं नको!" तो बिचारा दचकून उठला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे.

मग तो दिवस. लग्नसराईचं काम आलं होतं, अस्तर आणि रिळं संपली होती. सकाळच्या पहिल्या काळीपिवळी जीपनं मंगरूळपीरला गेले. साडेनऊला परत निघायचं, दहा-सव्वादहाला घरी, मग वर, असा माझा बेत. फोन घरी मशीनवरच राहिला होता, ते गाडीत बसल्यावर कळलं. येताना पुलाच्या अलीकडे जीपचं मागचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. ड्रायव्हर चाक घेऊन कुणाच्या तरी मोटारसायकलवर गेला तो गेलाच. आमच्या गावची त्या गाडीत मी एकटी. बाकीची माणसं बाभळीखाली बसून तंबाखू मळत होती आणि मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. एका बाईनं विचारलं, घरी लहान पोर आहे काय? मी म्हटलं, हो.

अकरा वाजले असतील तेव्हा मी पुलाच्या कठड्याला टेकून उभी होते. डोळ्यांपुढे तेच. ताट पुढ्यात, टीव्ही चालू, बातम्यावाली बाई बोलते आहे, बोलतेच आहे, आणि सासूबाई मांडीवर हात घेऊन वाट बघत आहेत. ते गेले, असं आज त्यांना वाटणार. मी मनाशी म्हटलं, मामाजी, मी नाही पोचत. तुम्हीच बघा काय ते. म्हटलं आणि माझंच मला कसंतरी झालं.

घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चपला न काढता आत गेले. टीव्ही चालू होता. सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. ताट धुऊन पालथं घातलेलं.

"जेवल्या, आई?"

"जेवली नं."

"टीव्ही गेला होता?"

"नाई गेला." त्यांनी खडा वेचून बाजूला टाकला. "लय वाट पाह्यली म्या. ताट पार निवून गेलं. मंग तेच म्हणाले, सूनबाईची गाडी पुलापाशी पंक्चर झाली, आज काई वर चढत नाई ते पोरगी. तूच बंद कर. मंग म्या बंद केला. जेवले ते. मंग लावला, अन् मी जेवली."

पुलाचं मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मला पाणीही प्यायचं सुचलं नव्हतं, सांगणार कधी?

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

सासूबाई मान वर करून माझ्याकडे बघून हसल्या. दात नसलेलं, भरल्या गालांचं हसू. "म्हणाले, सूनबाईले सांग, आता रोज उन्हात वर नको जात जाऊ. आमचं आमी पाहू."

मी त्यानंतर छत्रीला हात लावलेला नाही. अकराच्या सुमारास सासूबाई स्वतः उठतात, टीव्ही बंद करतात, ताट वाढून घेतात. हिवाळा गेला, उन्हाळा आला, त्या रोज पोटभर जेवतात, आणि याहून जास्त मला काही नको होतं. मी तेवढा वेळ मशीन घेऊन बाहेर ओसरीत बसते. आतून त्यांचा आवाज येतो, मग थोडा वेळ काही येत नाही, मग पुन्हा त्यांचा. तो मधला वेळ मला ऐकू येऊ नये म्हणून मी पाय जोरात चालवते.